सडबरीचे खडक आणि उत्तरेचे पीट

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात सडबरी येथे खाण अभियांत्रिकी शिकतो. निकेलच्या उद्योगामुळे एकेकाळी काळ्याठिक्कर पडलेल्या तिथल्या टेकड्या आज हिरव्या झाल्या आहेत, असे तो सांगतो. ओंटारिओ प्रांताच्या अगदी उत्तरेला ‘रिंग ऑफ फायर’ नावाच्या पट्ट्यात निकेल आणि क्रोमाइट (क्रोमियमचे खनिज) सापडले आहे. तिथेही आधी खनिज काढून नंतर जंगल उभे करता येईल, असे त्याचे मत आहे. हे बरोबर आहे का? त्याने पुढे तिथे नोकरी धरावी का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : सडबरीविषयी आपला मुलगा सांगतो ते खरे आहे आणि त्या कामाचे मोल मी मुळीच कमी लेखणार नाही. तिथे सुरुवातीची अनेक वर्षे निकेलचे खनिज उघड्यावर लाकडाच्या ढिगांवर भाजत असत. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने झाडे मेली, माती आम्ल झाली आणि पावसाबरोबर वाहून गेली. 1978 पासून विद्यार्थी आणि कामगार चुनखडीच्या भुकटीच्या पिशव्या खांद्यावर घेऊन टेकड्या चढले, ती भुकटी त्यांनी हाताने फेकली, गवत पेरले आणि मग रोपे लावली. आजवर एक कोटीहून अधिक झाडे लागली आहेत. मात्र त्याच काळात कारखान्यांनी गंधकाचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक घटवले, म्हणूनच ती रोपे जगली, हेही त्याने लक्षात ठेवावे.

परंतु सडबरीला खडक आहे आणि उत्तरेला पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा ओला थर आहे. सारा फरक इथेच पडतो. रिंग ऑफ फायर हा पट्टा थंडर बे शहराच्या ईशान्येला सुमारे पाचशे किलोमीटरवर, हडसन उपसागराच्या दक्षिणेकडील सखल प्रदेशात आहे. हिमयुगानंतर समुद्राखालून वर आलेल्या या सपाट, चिकणमातीच्या जमिनीत पाणी मुरत नाही. त्यामुळे मेलेले शेवाळ पुरते न कुजता हजारो वर्षे थरावर थर साचत गेले. हा ओला थर वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो, म्हणजे माणसाच्या उंचीएवढे पीट तयार व्हायला दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लागतो. त्या प्रदेशात अब्जावधी टन कार्बन असाच पाण्याखाली दबून आहे. पाणी उतरले की थराला हवा लागते, तो कुजू लागतो आणि कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. अशा जमिनीवर नंतर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची कितीही रोपे लावली, तरी गेलेले पीट परत येत नाही.

म्हणून मला प्रत्यक्ष खाणीपेक्षा रस्त्याची काळजी अधिक वाटते. त्या पट्ट्यातील ईगल्स नेस्ट येथील निकेलची खाण भूमिगत असेल आणि धातू वेगळा केल्यावर उरणारा गाळही जमिनीखालीच भरला जाईल, असा आराखडा आहे. पण तिथवर पोहोचायला शेकडो किलोमीटरचा बारमाही रस्ता लागतो. पीटवर खडी टाकून बांध घातला की त्यातून आडवे झिरपणारे पाणी अडते, एका बाजूची झाडे बुडतात आणि दुसरी बाजू सुकते. लांडगे त्याच मोकळ्या वाटेने कॅरिबूंपर्यंत, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरांपर्यंत पोहोचतात. रस्ता झाला की जंगलाचे काय होते, हे चंद्रपूरकरांना मी वेगळे सांगायला नको.

तरीही ‘रस्ता नकोच’ असे म्हणण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही. वेबेक्वी आणि मार्टेन फॉल्स या मूळनिवासी समाजांना बर्फावरचा हिवाळी रस्ता वर्षातून काही आठवडेच मिळतो, बाकी सारे विमानाने येते. या रस्त्यांच्या पर्यावरणीय परीक्षणात त्यांनी स्वतः पुढाकार घेतला आहे. उलट नेस्कांटागाचा समाज, जिथे 1995 पासून नळाचे पाणी उकळून पिण्याची सूचना लागू आहे, आपल्या संमतीशिवाय रस्त्याला अटावापिस्कट नदी ओलांडू देणार नाही म्हणतो. ज्यांच्या घरात तीस वर्षे पिण्यायोग्य पाणी आले नाही, त्यांना खाणीतून येणाऱ्या समृद्धीची आश्वासने पोकळ वाटली, तर त्यात त्यांचा दोष नाही. अशा वेळी जून 2025 मध्ये ओंटारिओने ‘विशेष आर्थिक क्षेत्रां’तील प्रकल्पांना प्रांतिक कायद्यांतून सूट देता येईल असा कायदा केला, हे मला उरफाटे वाटते. आधी संपूर्ण प्रदेशाचे एकत्र परीक्षण, त्यात सर्व समाजांची संमती, मग रस्ता आणि शेवटी खाण, हाच क्रम असायला हवा. निकेलची गरज खरी आहे, पण सडबरीत खाणी, रेल्वे आणि भट्ट्या आजही चालू आहेत. तिथले खोलवरचे साठे आणि जुन्या बॅटऱ्यांतील धातू यांचा विचार आधी व्हावा.

नोकरीबद्दल विचारलेत, तर त्याने जरूर जावे. मात्र आताच पाणथळ जमिनीच्या जलशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम घ्यावा. पीटमध्ये छिद्रे पाडलेली साधी प्लॅस्टिकची नळी रोवून तीत पाणी किती खोलीवर आहे, याची नोंद ऋतूमागून ऋतू ठेवावी लागते. ती नोंद रस्त्याचे काम सुरू होण्याच्या काही वर्षे आधीपासूनची नसेल, तर पाणी रस्त्यामुळे उतरले की कोरड्या उन्हाळ्यामुळे, हे नंतर कोणालाही सिद्ध करता येणार नाही.