व्हिसाची मुदत जुलैची, पण तारीख मार्चची

पुणे, डिसेंबर २०२५

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत कोथरूडला आला होतास तेव्हा म्हणालास, "काका, जपानमध्ये कंपनी चालवायचा माझा व्हिसा जुलैत संपतोय, मे-जूनमध्ये कागद गोळा करू." नंतर पाठवलेले ताळेबंद मी बारकाईने पाहिले. मेपर्यंत अजिबात थांबू नकोस.

तुझ्या कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पुढच्या दोन महिन्यांत विवरणपत्र भरायचं आणि तोच ताळेबंद व्हिसा वाढवायच्या जूनमधल्या अर्जाला जोडायचा. म्हणजे जे काही सुधारायचं ते मार्चच्या आत. एकदा वर्ष बंद झालं की कुणाच्याच हातात काही उरत नाही.

बँकेत ४० लाख येन आहेत म्हणून तू निर्धास्त आहेस. पण ताळेबंदात उजवीकडे अगदी तळाशी बघ. (आपल्या जुन्या पद्धतीत देणी डावीकडे लिहायचे, तिथे उजवीकडे.) भांडवल ५० लाख, साठलेला तोटा ५८ लाख. निव्वळ मालमत्ता उणे ८ लाख! बँकेतले पैसे तूच कंपनीला उसने दिलेत, तेव्हा ते कंपनीच्या डोक्यावरचं कर्जच.

एका वर्षाच्या तोट्यावरून जपानचं इमिग्रेशन खातं लगेच कुणाला नाही म्हणत नाही. देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली, तर पहिल्या वर्षी वर्षभरात स्थिती सुधारेल का, यावर लेखापालाचं किंवा लघुउद्योग सल्लागाराचं लेखी मत लागतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षीही तेच दिसलं, तर हा धंदा टिकेल असं ते सहसा मानत नाहीत. तुझं असं पहिलं वर्ष गेल्या मार्चला झालं. मला काळजी आहे ती येत्या मार्चची.

उसने दिलेले पैसे भांडवलात वळवता येतात किंवा नवं भांडवल घालता येतं. कर्ज नुसतं माफ करून मोकळा होऊ नकोस. ती रक्कम कंपनीचं उत्पन्न धरतात आणि जुना तोटा पुरला नाही तर त्यावर कर बसतो. कुठला मार्ग बरा, हे तुझ्या झेइरिशीला, म्हणजे तिथल्या कर सल्लागाराला, जानेवारीतच विचार. बाबा एफडी मोडायला तयार आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्या पैशाला सगळ्यात शेवटी हात लाव. लावावाच लागला तर पैसे एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, थेट त्यांच्या खात्यातूनच यावेत. एफडी मोडल्याच्या पावतीपासून टोकियोच्या पासबुकापर्यंतचा प्रत्येक कागद जपून ठेव. पैसा आला कुठून, हे तिथे विचारतात.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचार. तुझी बहुतेक बिलं एकाच कंपनीच्या नावावर आहेत आणि तिचा करारही मार्चमध्येच संपतो. पुढच्या वर्षाचं काम लेखी हातात आहे का? नसेल तर नवं भांडवलही वर्षभरात खर्चून जाईल. आधी तो करार मिळव, दुसरं गिऱ्हाईक शोध.

नफा दिसावा म्हणून स्वतःचा पगार मधेच कमी करू नकोस. संचालकाचा पगार वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरवायचा असतो. नंतर बदलला तर कंपनीला तो पूर्ण खर्च म्हणून धरता येईलच असं नाही. रहिवासी कर, आरोग्य विमा, पेन्शन यांचे हप्ते थकले असतील तर या महिन्यातच भर.

१६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम कडक झालेत. भांडवलाची अट ५० लाखांवरून ३ कोटी येनवर गेली, शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी हवा. तुमच्यासारख्या जुन्या व्हिसाधारकांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवलत आहे, पण तोवर तुम्ही त्या दिशेने निघालात का, हे ते बघणारच. तू ठेवणार म्हणत होतास तो पुण्याचा मित्र इंजिनिअरच्या व्हिसावर आहे. तो या अटीत मोजला जात नाही. माणूस जपानी किंवा तिथला कायम रहिवासी वगैरे असावा लागतो. जपानी भाषेचीही अट आहे, पण तू इथे असतानाच त्या भाषेची एन-टू परीक्षा पास झालास, त्यामुळे ती चिंता नाही. ते प्रमाणपत्र आईकडून स्कॅन करून मागवून घे.

डिसेंबरअखेरचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), येणी-देण्यांची यादी आणि त्या कराराची प्रत ५ जानेवारीपर्यंत पाठव. त्यानंतरच्या रविवारी इथल्या सकाळी नऊला, म्हणजे तुझ्या साडेबाराला, फोनवर बसू. झेइरिशीलाही घे. त्याचं जपानी मला समजावून सांगायला तू आहेसच.

तुझा,
काका