दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आहे. घटस्फोट घेतला तर भारतात परत जावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय, नवरा अमेरिकन नागरिक आहे आणि "मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल" म्हणतो. हेच वाक्य मी न्यू जर्सीत, एडिसनच्या आमच्या स्वयंपाकघरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

कार्ड रद्द करणं त्याच्या हातात नाही. उलट तुम्हाला आणताना त्यानं सही केलेला आय-८६४, म्हणजे तुमच्या खर्चाची सरकारला दिलेली हमी, घटस्फोटानंतरही त्याच्याच गळ्यात राहतो.

मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे दोन वर्षांचं कार्ड पक्कं करून घ्यायचा अर्ज, भरायचा, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही तेवढंच माहीत होतं. पुण्याला दादाला फोन केला, तर म्हणाला, "कळ काढ गं. पक्कं कार्ड हातात पडू दे, मग काय ते कर." आईनंही तीच री ओढली. अकरा महिने कळ काढली मी. एका घरात दोन खोल्या, दोन कुकर.

शेवटी शेजारच्या मावशींनी एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं: घटस्फोट झाला की हाच अर्ज एकटीनं भरता येतो, ९० दिवसांची वाटही बघायची नाही. लग्न मोडलं, पण कार्डासाठी केलं नव्हतं, हे दाखवायचं.

मग बुटाच्या खोक्यात कागद जमवले. दोघांच्या नावाचं लीज, बँकेची स्टेटमेंटं, एकत्र भरलेला टॅक्स, त्याच्या आत्याकडच्या गणपतीचे फोटो. आणि फ्रिजवरची एक चिठ्ठी, त्याच्या अक्षरात: "येताना दूध आण. आलंपण." मराठी कागद इंग्रजी भाषांतराशिवाय चालत नाही. मैत्रिणीनं त्या दोन ओळींचं भाषांतर केलं आणि मला दोन्ही भाषा येतात, हे बरोबर आहे, असं खाली लिहून सही केली. ते वाचताना मात्र मला रडू आवरेना. तोवर एकदाही रडले नव्हते.

दादा आजही म्हणतो, "थांबलीस म्हणूनच मिळालं." अहो, मोडलेला संसार चालू आहे असं दाखवून जोडीनं अर्ज भरणं म्हणजे सरकारशी खोटं बोलणं. कार्ड जायचं तर त्यानं जातं!

आता थोडं राहिलेलं. नुसतं वेगळं राहून भागत नाही, कोर्टाचा अंतिम निकाल हातात लागतो. न्यू जर्सीत सहा महिने पटत नसल्याचं कारण पुरतं, तुमच्या राज्याचं बघा. मारहाण किंवा छळ असेल तर घटस्फोटासाठीही थांबायची गरज नाही, तो रस्ता वेगळा आहे. दहा वर्षांचं कार्ड असेल तर घटस्फोटानं ते जात नाही, फक्त नागरिकत्वाला तीनऐवजी पाच वर्षं लागतात. पण नवऱ्याच्या नोकरीवरचा अर्ज असेल आणि कार्ड अजून यायचंच असेल, तर घटस्फोटानं तुमचा अर्ज पडतो. तिथे माझं ऐकू नका, आधी वकील गाठा.

आणि चिठ्ठ्या फेकू नका.

दादाला आय-७५१ च्या सूचनांतलं ते पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही.