पुरात शेत गेलं तर शेतकऱ्याचं घर परत कसं सावरतं?
सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा-मोहोळ पट्ट्यात नुसतं पीक नाही, कितीतरी जणांची मातीच वाहून गेली, आणि पीक पुढच्या हंगामात येतं पण माती कुठनं आणायची सांगा. चिखल उपसायच्या आधी फोटो काढा, तलाठी आले की पंचनाम्यात विहीर, मोटर, मेलेलं जनावर सगळं लिहून घ्यायला लावा. शेजारच्या काकूंनी भिजलेलं पासबुक अन् सातबारा चुलीजवळ दोरीवर वाळत घातलेले, ते अजून डोळ्यासमोर आहे. म्हैस घाईत विकू नका, दुधाच्या पैशावरच किराणा चालतो. वापसा आला की, म्हणजे रान पेरण्याइतकं सुकलं की, जमेल तेवढ्या रानात ज्वारी, हरभरा पेरा. आणि घरातला माणूस गप्प गप्प राहायला लागला तर त्याला एकटं सोडू नका, रात्री तर नाहीच.