बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला मशीन 7 टनाची की 13 टनाची?

प्रश्न असा आहे: "तासगावजवळ आमचं विटांचं, वर पत्रा असलेलं गोडाऊन आहे. त्यात 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद, 5 मीटर उंच चेंबर करून 4 अंशाला बेदाणा ठेवायचाय. एका पार्टीनं 7 टनाची मशीन सांगितली, दुसरीनं 13 टनाची. दोघंही हिशोब करूनच सांगतोय म्हणतात. वडील म्हणतात, 9 इंची भिंत आहे की, पॅनेलवर पैसे कशाला? हा उष्णतेचा हिशोब नेमका करतात कसा?"

दोघांपैकी एकानंही तुम्हाला "रोज किती बॉक्स आत येणार?" असं विचारलंय का? नसेल, तर दोघांनीही तो आकडा आपापल्या मनानं धरलाय आणि तुमचा 7-13 चा घोळ तिथंच आहे. कसा ते दाखवतो. मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे आकडे आपल्याकडच्या उन्हाळ्याचेच धरतो.

आधी वडिलांच्या भिंतीचं बघू. उष्णता भिंतीतून किती जाते याचं सूत्र शाळकरी आहे: क्षेत्रफळ गुणिले यू गुणिले आत-बाहेरच्या तापमानातला फरक. यू म्हणजे एक चौरस मीटर भिंतीतून, फरक एक अंशाचा असताना, किती वॉट उष्णता जाते तो आकडा. तो काढायला प्रत्येक थराचा रोध काढायचा, म्हणजे मीटरमधल्या जाडीला त्या थराच्या वाहकतेनं (त्यातून उष्णता किती सहज जाते त्या आकड्यानं) भागायचं. सगळे रोध बेरजेला घ्यायचे आणि 1 ला त्या बेरजेनं भागायचं. भिंतीच्या दोन्ही अंगांना चिकटून असलेला हवेचा थरही थोडा अडवतो, दोन्हीचा मिळून 0.2 धरा.

विटेची वाहकता साधारण 0.8. 9 इंच म्हणजे 0.23 मीटर, रोध आला 0.29. हवेचे थर मिळवून 0.49, म्हणजे यू झाला 2. आता 100 मिलिमीटरचं पफ पॅनेल घ्या, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम (पफ) भरलेला तयार तक्ता. पफची वाहकता 0.023, रोध 4.35, हवेसकट 4.55 आणि यू 0.22. नऊपट फरक. वडिलांना पटवायचं तर असं सांगा: या चार इंची पॅनेलचं काम विटेकडून करून घ्यायचं तर साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट जाडीची भिंत लागेल. तो किल्ल्याचा बुरूज झाला, गोडाऊन नव्हे. पॅनेल लावल्यावर मागच्या विटेचा रोध हिशोबात नाही धरला तरी चालतो, इतका तो किरकोळ आहे.

आता तुमचं चेंबर. चार भिंती मिळून 180 चौरस मीटर. एप्रिलमध्ये गोडाऊनमध्ये 40 अंश धरू, चेंबरमध्ये 4, फरक 36. 180 × 0.22 × 36 म्हणजे सुमारे 1,430 वॉट. वरची बाजू 80 चौरस मीटर, पण पत्र्याखालची हवा 40 वर थांबत नाही. दुपारी तिथं शिडीवर चढून हात वर केला की कळतं. 55 धरा, फरक 51, आले 900 वॉट. खालची जमीन 27 अंशाच्या आसपास, तिथंही 100 मिलिमीटर पफ घातला असेल तर 400 वॉट. एकूण 2.7 किलोवॉट.

मशीनचा एक टन म्हणजे 3.5 किलोवॉट. (हा टन वजनाचा नव्हे. 2,000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याचं हे माप. बर्फाच्या लाद्यांच्या काळातलं नाव अजून चिकटून राहिलंय.) म्हणजे भिंती, छप्पर आणि जमीन मिळून एक टनसुद्धा भरत नाही. पहिल्यांदा हिशोब करणारा इथं हमखास गडबडतो, कुठं तरी शून्य चुकलं असं वाटून परत पहिल्यापासून मांडतो. चुकलेलं नसतं. पॅनेल चांगलं असेल तर भिंतीतून खरंच इतकं कमी येतं. बाकीची उष्णता दारातून आणि ट्रकमधून येते.

दाराचं ऐका. चेंबरमध्ये 400 घनमीटर हवा आहे. सीझनला दार दिवसभर उघडझाप होतं, हमाल आत-बाहेर करतात, दिवसाला आतली हवा आठ वेळा बदलते असं धरू. म्हणजे 3,200 घनमीटर. 40 अंशाची हवा आत येऊन थंड होते आणि तिच्यातली वाफ कॉइलवर, म्हणजे मशीनच्या चेंबरमधल्या थंड नळ्यांवर, पाणी होऊन सुटते. या दोन्हींचे मिळून घनमीटरमागे 70 किलोज्यूलच्या आसपास जातात. 24 तासांत वाटलं तर 2.6 किलोवॉट. म्हणजे एक दार बरोबर चार भिंती, छप्पर आणि जमीन! पॅनेल 100 चं घ्यावं की 120 चं यावर महिनाभर खल करणारे लोक दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावायला विसरतात, आणि लावला तर हमाल तो पहिल्याच आठवड्यात वर बांधून ठेवतात.

आता माल. बेदाणा 35 अंशाला येतो, 4 ला न्यायचा, म्हणजे 31 अंश. किलोला अंशामागे 2 किलोज्यूल धरा. रोज 10 टन आले, म्हणजे 15 किलोचे साधारण 667 बॉक्स, तर 10,000 × 2 × 31 = 6,20,000 किलोज्यूल. 24 तासांत 7.2 किलोवॉट. खरं तर थप्पीच्या पोटातला बॉक्स एका दिवसात थंड होत नाही, त्यामुळे हा आकडा जरा सुरक्षित बाजूचाच आहे. बेदाणा सुकलेला असल्यामुळे त्याच्या श्वसनाची उष्णता धरायची गरज नाही. ओल्या द्राक्षाला ती धरावी लागते, शिवाय त्यात पाणी भरपूर असल्यामुळे किलोमागे उष्णताही जवळपास दुप्पट काढावी लागते. पुढेमागे द्राक्ष ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा, तो वेगळा हिशोब आहे.

कॉइलचे पंखे दीड किलोवॉट. पंख्याची सगळी वीज शेवटी आतच उष्णता होते, हे पुष्कळ जण सोडून देतात. दिवे आणि माणसं मिळून 0.4.

बेरीज: 2.7 + 2.6 + 7.2 + 1.5 + 0.4 = 14.4 किलोवॉट. मशीन 24 तास पळवायची नसते, कॉइलवरचं बर्फ काढायला आणि कंप्रेसरला उसंत द्यायला वेळ लागतो. 24 तासांची उष्णता 18 तासांत काढायची धरली तर 19.2, वर दहा टक्के ठेवले तर 21. म्हणजे 6 टन. पहिल्या पार्टीचे 7 बरोबर.

आता रोज 10 च्या जागी 30 टन घाला. बाकी सगळं तेच ठेवा. मालाचेच 21.5 किलोवॉट होतात, एकूण 28.7, आणि तसंच पुढं नेलं तर 42. म्हणजे 12 टन. दुसऱ्या पार्टीचे 13 पण बरोबर!

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून एवढं खोलात सांगतोय. नवीन होतो तेव्हा एका गोडाऊनचा हिशोब केला. सीझनचा सगळा माल भागिले साठ दिवस, असं करून रोजचे 2 टन धरले. पण माल सरासरीनं येत नाही. वळवाचं आभाळ आलं की शेडवरचा बेदाणा वाचवायला सगळे एकाच दिवशी धावतात. त्या दिवशी 8 टन आले आणि चेंबर 11 अंशावर जाऊन बसलं. मालक मला म्हणाले, "साहेब, तुमचा कागद गार आहे, खोली गरम आहे." तेव्हापासून मी सरासरी विचारतच नाही, सगळ्यात वाईट दिवस विचारतो.

मग पॅनेलची जाडी कशावर ठरवायची? सीझननंतरच्या महिन्यांवर. माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भरतो, पण पुढं कित्येक महिने नुसता पडून असतो. तेव्हा ट्रक नाही, दार क्वचित उघडतं, मीटर पळतो तो मुख्यतः भिंती आणि पंख्यांमुळे. 60 मिलिमीटरचं पॅनेल घेतलं तर उन्हाळ्यात भिंती, छप्पर आणि जमिनीचे 2.7 चे 4.4 किलोवॉट होतात. 150 चं घेतलं तर 1.9. म्हणजे 60 वरून 100 ला जाण्यात 1.7 वाचले, आणि आणखी 50 मिलिमीटर वाढवून 0.8. मी तुमच्या जागी असतो तर भिंतींना 100, वर पत्र्याकडे 150 घेतलं असतं, आणि मशीन एक मोठी न घेता दोन लहान. सीझनला दोन्ही, नंतर एकच.

जोडकामाकडे स्वतः उभं राहून बघा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका चेंबरच्या दाराशी पावसाळ्यात कायम ओल असायची. पॅनेल कोरडं खडखडीत, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र थेंब. फ्लॅशिंग (जोडावर बसवलेली पत्र्याची पट्टी) उचकटून बघितलं तर लोखंडी चॅनेल आतून थेट बाहेर आलेला. लोखंडाची वाहकता पफच्या दोन हजारपट. 20 चौरस सेंटिमीटरचा तो तुकडा कागदावर साडेचार चौरस मीटर पॅनेलएवढी उष्णता आत घेत होता. आणि जमिनीच्या पफखाली प्लॅस्टिकचा कागद घालायला सांगा, गरम बाजूला, थंड बाजूला नव्हे. नाहीतर ओल पफमध्ये शिरते आणि ओला पफ म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

आता दोन्ही पार्ट्यांना फोन करा आणि एवढंच विचारा: रोजचा माल किती टन धरला, तो किती अंशाला येतो, आणि मशीन किती तास चालणार? उत्तरं आणि गेल्या सीझनमधला तुमचा सगळ्यात मोठा दिवस किती बॉक्सचा होता ते इथं खाली लिहा, आकडे परत मांडून देतो.