पॉझिटिव्ह थिंकिंग आणि रिलॅक्सेशननं ऑफिसचं रोजचं टेन्शन खरंच कमी होतं का?

होतं. पण पॉझिटिव्ह थिंकिंग म्हणजे "काय होत नाही" म्हणत बसायचं असं कोण सांगत असेल तर त्याचं ऐकू नको भावा, त्यापायी आमचा अख्खा सीझन पाण्यात गेलाय.

मी कोल्हापूरचा, शाहूपुरी कुंभार गल्लीतला, घरचा धंदा गणपतीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढत होती. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्यात पोरासोरांनाबी पाठ असतंय. मी टेम्पो बोलावला, म्हटलं मूर्ती हलवूया. तर दाजी भिंतीवरच्या २००५ च्या खुणेवर हात ठेवून म्हणाले, ह्याच्यावर पाणी येत नाही, निगेटिव्ह बोलू नको, पॉझिटिव्ह राहा. मोठ्या माणसापुढं काय बोलणार, टेम्पो परत पाठवला. पाणी ५५ फुटाच्या वर गेलं. उतरल्यावर दार ढकललं तर शाडूच्या मूर्ती म्हणून काही राहिलंच नव्हतं, नुसता गारा, आणि एका फळीला चिकटून राहिलेला एक कान, त्याला रंग द्यायचा होता अजून.

त्यानंतर रोज सकाळी जबडा दुखायचा. दातांचे डॉक्टर म्हणाले, झोपेत दात खातोयस, आणि त्यांनीच रिलॅक्सेशन शिकवलं, एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२० च्या दशकात मांडलेलं. पायापासून वर एकेक अंग पाच-सात सेकंद आवळायचं, मग एकदम सैल सोडायचं आणि सोडल्यावर कसं वाटतंय तिकडं ध्यान द्यायचं. खांदे, मग शेवटी जबडा. श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, सोडताना ठोके मंदावतात. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, मला तीन आठवडे लागले.

आणि विचार म्हणशील तर मी आता "पाणी येणार नाही" असं म्हणतच नाही, "आलं तर ३९ ला माल हलवायचा, मला जमतंय" एवढंच म्हणतो. २०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षाबी वर गेलं, आमच्या मूर्ती तोवर पाहुण्यांच्या माळ्यावर होत्या. ऑफिसचंबी तसंच कर, साहेब ओरडणार नाही म्हणू नको, ओरडला तर काय सांगायचं ते ठरवून जा.

हां, महिनाभर झोपच नसेल नाहीतर छातीत धडधडत असेल तर आधी डॉक्टर गाठ, आणि जिथं दुखापत आहे ते अंग आवळू नको.

दाजी अजून म्हणतात, त्या साली नशीबच खराब होतं. नशीब नव्हतं दाजी, टेम्पो गल्लीच्या तोंडाला येऊन उभा होता.