बाबांवरची पहिली एकांकिका

तू बाबांवर लिहिलेल्या एकांकिकेची संहिता वाचली रे. जीव आहे तिच्यात, सोडू नकोस. सध्या एवढंच बघ.

१. बाबांचा मृत्यू रंगमंचावर दाखवू नकोस. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात (१९८५) पडदा उघडतो तेव्हा घरातले कर्ते तात्याजी गेलेलेच असतात. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि तेराव्याच्या खर्चाची कुरबुर, यातूनच सगळं घर कळतं.

२. फ्लॅशबॅक एकच ठेव. नवखे चार-पाच घालतात, मग प्रकाशयोजनावाला वैतागतो.

आणि आईचं ते रडकं स्वगत काप! त्यापेक्षा बाबांच्या चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा तिला गुपचूप सोडवत बसू दे. माझ्या पहिल्या प्रयोगात मीच इतका रडलो, की तिसऱ्या रांगेपुढे शब्दच पोचेनात.

संगीताचं नंतर. आधी सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचन घे.