वर्षाच्या बाळाला दूध सुरू करताना

आपले बाळ नुकतेच वर्षाचे झाले आहे, तेव्हा गाईम्हशीचे दूध उकळून अवश्य सुरू करा. मात्र दिवसाकाठी ते 400 ते 500 मिलिलिटरच्या पुढे जाऊ देऊ नका. नव्या आईवडिलांची नेहमीची चूक हीच, की मूल जेवले नाही म्हणून बाटलीभर दूध पाजले जाते, त्याने पोट भरून पुढचे जेवणही टळते आणि दुधात लोह नगण्य असल्यामुळे गुबगुबीत दिसणाऱ्या मुलालाही रक्तक्षय होऊ शकतो. म्हणून:

- वरणभात, नाचणी, पालेभाजी आधी; दूध दोन जेवणांच्या मध्ये, आणि पेल्यानेच.
- दूध जड पडेल म्हणून त्यात पाणी घालू नका.
- दूध पचत नसेल, तर घरी विरजलेले ताजे दही द्या. विरजताना दुग्धशर्करा कमी होते.

साखर आणि चॉकलेटी पावडर मुळीच नको.